मेजर पूरचा उन्हाळा

गणेशखिंडीतल्या पुणे विद्यापीठात माझे पहिले जाणे झाले ते शिकण्यासाठी नव्हे, मुलीच्या गुणपत्रिकेच्या कामासाठी. काम लवकर आटोपले, म्हणून मुख्य इमारतीभोवती एक फेरी मारली. उंच मनोरा, दगडी कमानी, समोर हिरवळ. ही इमारत एके काळी मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरचे पावसाळी निवासस्थान होती, हे पुणेकरांना सांगायला नको. सर बार्टल फ्रियर यांच्या कारकिर्दीत तिचे काम सुरू झाले. पावसाळ्याचे महिने इलाख्याचा कारभार पुण्याहून चाले. गव्हर्नर आला की त्याच्यामागे सचिव येत, बँड येई, घोडे येत, आणि तरणेबांड लष्करी एडीसी येत.

त्यांपैकी एका एडीसीचा मागोवा मी काही वर्षे घेतो आहे. त्याचे नाव रॉबर्ट माँटेग्यू पूर. मराठीत हे नाव लिहिले की हसू येते, कारण १८९९ च्या उन्हाळ्यात या गृहस्थाने इंग्लंडमध्ये खरोखरच धावांचा पूर आणला. त्या हंगामात त्याची सरासरी ९१.२३ होती. इंग्लिश हंगामातला सरासरीचा हा विक्रम मोडायला १९३० साल उजाडावे लागले आणि डॉन ब्रॅडमन नावाचा माणूस जन्माला यावा लागला.

मी इतिहासाचा पदवीधर नाही. हिशेबनीस म्हणून नोकरी केली. इतिहास रात्री वाचला आणि रविवारी जुन्या पुस्तकांच्या दुकानांत शोधला. कोणी गुरू भेटला नाही. म्हणूनच असेल, पूरबद्दलचे पहिले वाक्य वाचले आणि तिथेच थबकलो : हा माणूस क्रिकेट शिकला ते पुस्तके वाचून, आणि तेही हिंदुस्थानात. पुस्तकावरून पोहायला शिकता येत नाही, असे आपण म्हणतो. इथे पुस्तकावरून फलंदाजी शिकलेला एक माणूस होता, आणि तो शिकला ते माझ्या गावाच्या परिसरात. आपल्या जातीचा कोणीतरी भेटला, असे वाटले. पुढे जे वाचले त्याने ही जवळीक पुरती टिकू दिली नाही. या लेखात दोन्ही सांगायचे आहे.

घोडदळातला तरुण

पूरचा जन्म २० मार्च १८६६ चा, आयर्लंडमध्ये डब्लिनचा. घराणे इंग्लंडमधल्या विल्टशायरचे, जमीनदार आणि लष्करी. वडीलही मेजर रॉबर्ट पूर. विंटरस्लो या गावात त्यांनी जमिनीचे लहान तुकडे करून ते गावातल्या मजूर कुटुंबांच्या हाती दिले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गाजलेला हा प्रयोग होता. बहीण नीना पुढे हॅमिल्टनच्या ड्यूकची पत्नी झाली आणि प्राण्यांवरील क्रौर्याविरुद्धच्या चळवळीत आयुष्यभर राहिली. स्वतः पूरने १८९८ मध्ये त्याच ड्यूकच्या बहिणीशी, लेडी फ्लोरा डग्लस-हॅमिल्टनशी लग्न केले. एकंदरीत, पैसा, जमीन आणि ओळखी यांची कमतरता नसलेले हे घर होते.

रॉबर्ट आधी विल्टशायरच्या मिलिशियात गेला आणि १८८६ मध्ये सातव्या हुसार्स या घोडदळात दाखल झाला. पैसे मोजून लष्करी हुद्दा विकत घेण्याची पद्धत ब्रिटनमध्ये १८७१ साली बंद झाली होती. पण घोडदळाच्या अधिकाऱ्याचे राहणीमान पगारात भागणारे नव्हते. उंची गणवेश, भोजनगृहाचा खर्च आणि मुख्य म्हणजे पोलोचे घोडे घरच्या पैशातून येत. त्यामुळे नियम बदलला तरी माणसे त्याच घरांतली येत राहिली. पुढे पहिल्या महायुद्धात ब्रिटिश फौजेचा सरसेनापती झालेला डग्लस हेगही त्याच रेजिमेंटचा, आणि पक्का पोलोवाला.

सातवे हुसार्स त्याच सुमारास हिंदुस्थानात आले. शांततेच्या काळात घोडदळाच्या अधिकाऱ्याचा दिवस सकाळच्या कवायतीनंतर बराचसा मोकळा असे. तो मोकळा वेळ खेळाने भरायचा, हा त्या वर्गाचा जवळजवळ धर्मच होता. पूर सहा फुटांहून बराच उंच, हाडापेराने मजबूत. तलवारबाजी, पोलो, टेनिस, नेमबाजी या सगळ्यांत त्याला गती होती. क्रिकेटमध्ये मात्र शाळेपासून नाव कमावलेला असा तो खेळाडू नव्हता. विशी ओलांडल्यावर, छावणीत बसून, त्याने ते मनावर घेतले.

त्या सुमारास क्रिकेटवर चांगली पुस्तके निघू लागली होती. बॅडमिंटन ग्रंथमालेतला क्रिकेटचा खंड १८८८ मध्ये प्रसिद्ध झाला. स्टील आणि लिटलटन यांनी सिद्ध केलेल्या या ग्रंथात फलंदाजाने पाय कुठे ठेवावा, कोपर कसे असावे, चेंडू कुठे पडला तर पुढे यावे आणि कुठे पडला तर मागे जावे, हे सारे आकृत्यांसह समजावले आहे. पूरने असली पुस्तके कवायतीच्या नियमावलीसारखी अभ्यासली. वाचायचे, नेटमध्ये जायचे, चुकले की पुन्हा वाचायचे. इंग्लंडमधल्या मुलांना जे दहाव्या वर्षी खेळता खेळता येई, ते याने पंचविशीत घोकून मिळवले. त्याची फलंदाजी ताठ, सरळ बॅटची आणि पुढे येऊन जोरदार फटके मारणारी होती. पाठ केलेल्या विद्येचा एक फायदा असतो : तिच्यात गोंधळ नसतो.

गव्हर्नरच्या संघात

१८९० मध्ये लॉर्ड हॅरिस मुंबईचा गव्हर्नर होऊन आला. इंग्लंडच्या क्रिकेट संघाचा हा माजी कर्णधार. राज्यकारभारापेक्षा क्रिकेटमध्येच याचे लक्ष अधिक, अशी टीका तेव्हाच्या देशी वृत्तपत्रांनी भरपूर केली. ऑगस्ट १८९३ मध्ये मुंबईत हिंदू-मुसलमानांचा मोठा दंगा उसळला तेव्हा गव्हर्नर पुण्यात होता आणि त्याने मुंबईला यायला लावलेला वेळ लोकांच्या डोळ्यांत खुपला. अशा गव्हर्नरने आपला एडीसी म्हणून फलंदाजी करणारा घोडदळ अधिकारी निवडला, यात नवल नाही. १८९२ ते १८९५ पूर हॅरिसच्या पदरी होता. गव्हर्नमेंट हाउसच्या संघाकडून त्याने खोऱ्याने धावा ओढल्या.

ही वर्षे मुंबई-पुण्याच्या क्रिकेटमध्ये साधी नव्हती. युरोपियन विरुद्ध पारशी असे इलाख्याचे सामने १८९२ पासून सुरू झाले आणि त्या वर्षी पुण्यात पारशांनी साहेबांना हरवले. डिसेंबरात लॉर्ड हॉकचा इंग्लिश संघ मुंबईला आला, त्यालाही पारशांनी १०९ धावांनी पाणी पाजले. डॉ. मेहेल्लाशा पावरी या गोलंदाजाचे नाव तेव्हा मुंबईच्या प्रत्येक पारशी घरात घेतले जात असे.

मैदानाबाहेर दुसरा सामना चालू होता. मुंबईच्या कवायतीच्या मैदानावर देशी पोरे क्रिकेट खेळत आणि त्याच मैदानावर युरोपियन अधिकारी पोलो खेळत. घोड्यांच्या टापांनी जमीन उखडली जाई आणि दुसऱ्या दिवशी त्या खड्ड्यांत चेंडू कसाही उसळे. पारशी आणि हिंदू खेळाडूंनी १८८० च्या दशकात अर्जामागून अर्ज केले. शापूरजी सोराबजी या पारशी गृहस्थाने पुढे, १८९७ मध्ये, या झगड्याची सविस्तर हकिकत पुस्तकरूपाने लिहून ठेवली. मूठभर साहेबांच्या करमणुकीपायी शेकडो मुलांचा खेळ बुडतो, हे त्यांचे साधे गाऱ्हाणे होते. समुद्रकाठी भराव घालून केलेल्या जागेवर पारशी, इस्लाम आणि हिंदू जिमखाने उभे राहिले ते याच ओढाताणीच्या काळात. पूर उत्तम पोलो खेळे आणि उत्तम क्रिकेटही. देशी खेळाडूंना या दोन खेळांत जो झगडा दिसत होता, तो त्याच्या आयुष्यात नव्हताच. त्याच्यासाठी दोन्ही खेळांना पुरेशी जमीन होती.

चार रुपये महिना

याच वर्षांत पुण्यात आणखी एक जण क्रिकेट शिकत होता. त्याच्याकडे पुस्तक नव्हते. पालवणकर बाळू हा चांभार समाजातला मुलगा. वडील लष्करात नोकरीला. पुण्यातल्या पारशांच्या क्लबात तो आधी खेळपट्टी झाडण्या-लोटण्याच्या कामावर होता, तीन रुपये महिन्यावर. १८९२ च्या सुमारास तो युरोपियनांच्या क्लबात आला आणि पगार चार रुपये झाला. रोलर ओढायचा, चुन्याच्या रेघा मारायच्या, जाळ्या लावायच्या आणि साहेब सरावाला आले की त्यांना चेंडू टाकायचे. जे. जी. ग्रेग या लष्करी अधिकाऱ्याचे नाव या संदर्भात नेहमी घेतले जाते. ग्रेग तासभर आधी येऊन बाळूंकडून गोलंदाजी करून घेई आणि आपल्याला बाद केले तर दर खेपेस आठ आणे देई, अशी आख्यायिका आहे. याच ग्रेगने पुढे १९०१ मध्ये हॅम्पशायरकडून लँकेशायरविरुद्ध नाबाद २४९ धावा काढल्या.

फलंदाजी ही साहेबांची आणि गोलंदाजी ही नोकरांची, अशी ती वाटणी होती. बाळूंना नेटमध्ये बॅट कोणी देत नसे. तासन्तास चेंडू टाकून टाकून त्यांनी डावखुऱ्या फिरकीवर जी हुकमत मिळवली, तिच्या जोरावर पुढे हिंदूंच्या संघाने युरोपियनांना हरवले. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी सर्व सामने मिळून ११४ बळी घेतले. आणि तरीही पुण्यात आपल्याच संघाच्या सोबत्यांबरोबर त्यांना चहा मिळे तो तंबूबाहेर, मातीच्या भांड्यात.

पूर आणि बाळू यांची गाठ घालून देण्याचा मोह मी टाळणार आहे. इतिहासात असले मोह फार महाग पडतात. मला दाखवायची आहेत ती एकाच गावातली, एकाच सुमाराची दोन शिक्षणे. एकाच्या हातात सचित्र पुस्तक होते आणि समोर चेंडू टाकणारे हात हजर होते. दुसरा स्वतःच ते हात होता. ‘स्वतः शिकलेला’ हा शब्द दोघांनाही लागतो, पण त्याचा अर्थ दोन्ही ठिकाणी एक नाही. मी पूरला ज्या घाईने आपल्या जातीचा म्हटले होते, ती घाई इथे पहिल्यांदा लक्षात आली. मला पुस्तके विकत घेण्यासाठी डबा पोहोचवण्याची सोय सोडावी लागली होती. पूरला सराव करण्यासाठी काहीच सोडावे लागले नव्हते.

तीस धावांतल्या दहा

१८९५ मध्ये हॅरिसची मुदत संपली आणि सातवे हुसार्सही हिंदुस्थान सोडून दक्षिण आफ्रिकेत नाताळला गेले. त्या हिवाळ्यात लॉर्ड हॉक पुन्हा एक इंग्लिश संघ घेऊन आफ्रिकेत आला. पूरने नाताळमध्ये पाहुण्यांविरुद्ध शतक काढले आणि दक्षिण आफ्रिकेच्या संघात त्याची निवड झाली. त्या देशात येऊन त्याला वर्षही झाले नव्हते. पण त्या काळी गोरा, चांगला खेळणारा आणि हजर असणे एवढी पात्रता पुरत असे. या तीन सामन्यांना पुढे कसोटीचा दर्जा मिळाला, त्यामुळे पूर हा दक्षिण आफ्रिकेचा कसोटीपटू ठरतो. इंग्लंडकडून तो कधीही कसोटी खेळला नाही.

पहिला सामना फेब्रुवारी १८९६ मध्ये पोर्ट एलिझाबेथला झाला. दक्षिण आफ्रिकेचा पहिला डाव ९३ धावांत संपला आणि दुसरा अवघ्या ३० धावांत. जॉर्ज लोहमन या गोलंदाजाने दुसऱ्या डावात ७ धावांत ८ बळी घेतले, त्यात त्रिक्रम. त्या ३० धावांपैकी १० पूरच्या होत्या. तीन सामन्यांत मिळून त्याने ७६ धावा केल्या, सर्वाधिक २०. लोहमनने त्या मालिकेत ३५ बळी घेतले, प्रत्येकी सहापेक्षा कमी धावांत.

लोहमनबद्दल दोन शब्द लिहिल्यावाचून पुढे जाता येत नाही. तो पूरहून वर्षाने मोठा, पण व्यावसायिक, म्हणजे खेळून पोट भरणारा. इंग्लंडच्या मैदानांवर तेव्हा हौशी खेळाडू ‘जंटलमन’ आणि पगारी खेळाडू ‘प्लेअर’. दोघांच्या कपडे बदलण्याच्या खोल्या वेगळ्या, मैदानात उतरण्याची फाटकेही बऱ्याच ठिकाणी वेगळी. धावफलकावर हौशाच्या नावाला मान, पगाऱ्याचे नुसते आडनाव. हा भेद कागदोपत्री संपायला १९६२ साल उजाडले. लोहमनला क्षय झाला होता, आफ्रिकेच्या कोरड्या हवेत तो त्यासाठीच राहत असे. त्याच १८९६ च्या ऑगस्टमध्ये ओव्हलच्या कसोटीपूर्वी पाच व्यावसायिक खेळाडूंनी सामन्याचे मानधन दहाऐवजी वीस पौंड मागितले. त्या पाचांत लोहमन होता. तो सामना तो खेळला नाही आणि त्यानंतर इंग्लंडकडून कधीच खेळला नाही. १९०१ मध्ये छत्तिसाव्या वर्षी तो आफ्रिकेतच वारला. ‘हौशी’ या शब्दात आपल्याला जो निर्मळपणा ऐकू येतो, तो वीस पौंड मागणाऱ्याच्या बाजूने उभे राहून ऐकला की जरा निराळा वाटतो.

कसोट्यांची मालिका मार्चमध्ये संपली. त्याच महिन्यात आजच्या झिम्बाब्वेत एंडेबेले लोकांनी उठाव केला आणि जूनमध्ये शोना लोक उठले. सेसिल ऱ्होड्सच्या सनदी कंपनीने त्यांच्या जमिनी आणि गुरे बळकावली होती; उरलेली गुरे त्या वर्षीच्या बुळकांडी रोगाने मरत होती. उठाव मोडायला जे सैन्य गेले त्यात सातव्या हुसार्सच्या तुकड्या होत्या आणि पूरही होता. एंडेबेलेंनी लपण्यासाठी डोंगरांतल्या गुहा वापरल्या, शोनांनीही. धान्याची कोठारे जाळणे आणि गुहा सुरुंगाने उडवणे हा त्या मोहिमेचा भाग होता. शोनांच्या देवऋषी नेहांडा यांना १८९८ मध्ये फाशी देण्यात आले. क्रिकेटच्या इतिहासात हा काळ ‘लष्करी कामगिरीमुळे खेळात खंड’ एवढ्या शब्दांत उरकला जातो.

आणि त्याच सुमारास, २२ जून १८९७ च्या रात्री, राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाची मेजवानी आटोपून गणेशखिंडीतून परतणाऱ्या रँडवर चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. पूर दोन वर्षांपूर्वी ज्या बंगल्यात राहत होता, त्याच बंगल्याच्या रस्त्यावर. प्लेगच्या तपासणीसाठी पुण्याच्या घराघरांत गोरे सोल्जर शिरले होते. हुसार्स तेव्हा आफ्रिकेत होते, पण छावणीतली माणसे त्याच घडणीची होती.

दोन महिने

आता १८९९. पूर तेहतीस वर्षांचा, मेजर, नुकतेच लग्न झालेले, रेजिमेंट इंग्लंडला परतलेली. उन्हाळ्यात रजा मिळाली आणि १२ जूनपासून तो हॅम्पशायर काउंटीकडून खेळू लागला. सॉमरसेटविरुद्ध पोर्ट्समथला त्याने एकाच सामन्यात दोन शतके काढली, १०४ आणि नाबाद ११९. लगोलग लँकेशायरविरुद्ध १११. तीन डाव, तीन शतके.

जुलैमध्ये टाँटनला पुन्हा सॉमरसेटची गाठ पडली. हॅम्पशायरचे पाच गडी स्वस्तात गेले होते. पूरच्या जोडीला कॅप्टन टेडी विन्यार्ड आला. हाही लष्करी अधिकारी, जन्म उत्तर हिंदुस्थानातल्या सहारनपूरचा, ब्रह्मदेशच्या लढाईत पदक मिळवलेला. या दोघांनी चार तासांहून थोड्या अधिक वेळात सहाव्या गड्यासाठी ४११ धावा जोडल्या. विन्यार्ड २२५, पूर ३०४. हॅम्पशायरने ७ बाद ६७२ वर डाव सोडला आणि सामना डावाने जिंकला. हॅम्पशायरसाठी कोणी त्रिशतक काढण्याची ही पहिलीच वेळ. सॉमरसेटच्या गोलंदाजांनी हा माणूस त्या एका उन्हाळ्यात दोन सामन्यांत पाहिला. त्यांच्या डोळ्यांसमोर त्याने पाचशेच्या वर धावा केल्या.

१२ ऑगस्टला त्याचा हंगाम संपला. या दोन महिन्यांत हॅम्पशायरसाठी १३९९ धावा, सात शतके, सरासरी ११६.५८. इतर सामने धरून एकूण १५५१ धावा आणि सरासरी ९१.२३. याच उन्हाळ्यात राजेशाही लष्करी क्रीडामेळ्यात तो सर्वोत्तम योद्धा ठरला आणि आंतर-रेजिमेंट पोलो स्पर्धा जिंकणाऱ्या सातव्या हुसार्सच्या संघातही तो होता. विस्डेन वार्षिकाने १९०० च्या अंकात वर्षातल्या पाच क्रिकेटपटूंमध्ये त्याची निवड केली.

इथे हिशेबनिसाची सवय आड येते. सरासरी म्हणजे भागाकार, आणि भागाकारात छेद पाहावा लागतो. पूर त्या हंगामात २१ डाव खेळला. त्याच हंगामात रणजितसिंहजी ५८ डाव खेळले, ३१५९ धावा केल्या, आणि एका हंगामात तीन हजारांचा टप्पा ओलांडणारे पहिले फलंदाज ठरले. त्यांची सरासरी ६३.१८. मे महिन्याच्या गारठ्यापासून सप्टेंबरच्या थकव्यापर्यंत, आठवड्याला दोन सामने, रात्रीचे आगगाडीचे प्रवास हे सारे त्या ५८ डावांत येते. पूरच्या वाट्याला जून ते ऑगस्टमधले, कोरड्या खेळपट्ट्यांचे, रजेचे ताजे दिवस आले. याने ३०४ धावांचे मोल कमी होत नाही; त्या समोरच्या माणसाने टाकलेल्या चेंडूवरच काढल्या होत्या. पण कोष्टकात पूरचे नाव रणजींच्या वर दिसते, तेव्हा वरचा माणूस किती वेळ उभा होता हेही विचारायला हवे.

तरीही मी या उन्हाळ्याकडे पुन्हा पुन्हा येतो. पंचविशीत पुस्तक उघडलेल्या माणसाने तेहतिसाव्या वर्षी जगातल्या उत्तमांत गणले जावे, या गोष्टीचे उशिरा शिकणाऱ्या माणसाला जे वाटायचे ते वाटतेच.

पकडणारा आणि लिहून ठेवणारा

दोन महिन्यांत, ११ ऑक्टोबर १८९९ ला, बोअर युद्ध सुरू झाले. पूर पुन्हा दक्षिण आफ्रिकेत गेला, पण यावेळी घोडदळाच्या हल्ल्यात नव्हे. तो प्रोव्होस्ट मार्शल झाला, म्हणजे लष्करी पोलिसांचा प्रमुख. कैदी, शिस्त, चोऱ्या, लष्करी न्यायालयांच्या शिक्षांची अंमलबजावणी ही त्याची कामे. युद्धाची बिनपराक्रमाची बाजू सगळी त्याच्या टेबलावरून जाई.

हे युद्ध कसे झाले ते आपल्याकडे बऱ्याच जणांना गांधीजींच्या रुग्णवाहक पथकामुळे ठाऊक आहे. बोअर गनिमी काव्याने लढू लागले तेव्हा किचनरने त्यांची शेते जाळली, गुरे मारली आणि बायका-मुलांना छावण्यांत कोंडले. त्या छावण्यांत २६ हजारांहून अधिक बोअर बायका-मुले रोगराईने मेली. काळ्या लोकांच्या छावण्या वेगळ्या होत्या. तिथेही हजारोंनी माणसे मेली आणि त्यांची मोजदाद कितीतरी वर्षांनी सुरू झाली.

याच युद्धात बुशवेल्ट कार्बिनिअर्स या पथकाच्या अधिकाऱ्यांवर शरण आलेल्या बोअर कैद्यांना ठार मारल्याचा खटला चालला. लेफ्टनंट हॅरी मोरँट आणि पीटर हँडकॉक यांना २७ फेब्रुवारी १९०२ रोजी प्रिटोरियात गोळ्या घालण्यात आल्या. कैदी ठेवू नका असा वरून हुकूम होता, हा मोरँटचा बचाव. असा हुकूम खरेच होता का, यावर ऑस्ट्रेलियात आजही वाद झडतात, पुस्तके निघतात, चित्रपट निघाला. या वादात दोन्ही बाजू ज्या कागदांकडे वळतात त्यांत प्रोव्होस्ट मार्शल पूरची रोजनिशी आहे. ब्रिटिश गणवेश घालून लढणाऱ्या बोअरांचे काय करायचे, याबद्दल वरिष्ठांनी काय म्हटले त्याच्या नोंदी या माणसाने त्या त्या दिवशी टिपून ठेवल्या.

पुस्तकावरून फलंदाजी शिकणारा माणूस रोजनिशीही नेमाने लिहिणार, हे ओघानेच आले. कागदावरचे खरे मानायचे आणि घडलेले कागदावर आणायचे, हा एकाच स्वभावाचा भाग. त्या नोंदी त्याने कोणाला वाचवण्यासाठी वा अडकवण्यासाठी केल्या नव्हत्या. पण ज्यांना आपले हुकूम कागदावर नको होते, त्यांच्यापेक्षा हा शिस्तीचा लेखनिक इतिहासाच्या जास्त उपयोगी पडला. तीनशे चार धावांपेक्षा मला पूरचे हे काम मोठे वाटते. त्याला स्वतःला तसे वाटले असते असे मात्र नाही.

उरलेले आयुष्य

युद्धात त्याला डी.एस.ओ. हा सन्मान मिळाला. परतल्यावर १९०२ ते १९०६ या वर्षांत तो अधूनमधून हॅम्पशायरकडून खेळला, पण १८९९ पुन्हा आले नाही. त्या दर्जाचा हंगाम त्याच्या आयुष्यात एकच. मग पुन्हा हिंदुस्थान, ब्रिगेडियर-जनरलचा हुद्दा, महायुद्धाच्या काळात झाशीच्या ब्रिगेडचे आधिपत्य. १४ जुलै १९३८ रोजी इंग्लंडमध्ये बोर्नमथजवळ बॉस्कम येथे तो बहात्तराव्या वर्षी वारला. त्याच उन्हाळ्यात ब्रॅडमन इंग्लंडच्या दौऱ्यावर होता आणि आपल्या सरासरीचा नवा विक्रम रचत होता.

मागे गणेशखिंडीत पुन्हा गेलो होतो. हिरवळीवर काही मुले प्लास्टिकच्या चेंडूने क्रिकेट खेळत होती. रखवालदाराने त्यांना हटकले, तशी ती बाजूच्या झाडाखाली सरकली आणि तिथे पुन्हा यष्ट्या म्हणून दप्तरे रचली. गोलंदाजी करणारा मुलगा बारका होता. तो सलग पंधरा-वीस मिनिटे चेंडू टाकत होता आणि त्याला फलंदाजी काही मिळत नव्हती. शेवटी तो मोठ्याने म्हणाला, “आता माझी बारी.” बॅटवाल्याने थोडी कुरकुर केली आणि मग बॅट त्याच्या हाती दिली.

मी ते पाहत उभा राहिलो. मेजर पूर इथे आला, शिकला आणि इथून गेला. त्याच्या उन्हाळ्याचा हिशेब मांडताना जमेच्या बाजूला १५५१ धावा आहेत आणि एक खरी रोजनिशी. दुसऱ्या बाजूला रोलर ओढणारे, जाळ्या लावणारे आणि बारी न मिळालेले आहेत. त्यांची नावे बहुतेक कुठे लिहिली गेली नाहीत. एक बाळू पालवणकर तेवढे आपल्या चेंडूच्या जोरावर कागदावर आले. पूरचे चरित्र लिहायला बसलो, तरी दर चार ओळींनंतर त्यांच्याकडे वळावे लागते, ते याच कारणाने.